त्वचेकडे पेशींना कोण बोलावते?

कांद्याच्या हंगामात लासलगावच्या बाजार आवाराकडे येणाऱ्याला वाट विचारावी लागत नाही. वारा तिकडून वाहत असला, की वासच वाट दाखवितो. जसजसे जवळ जावे तसतसा तो उग्र होतो. आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशीही अशाच एका 'वासाच्या' मागाने जातात, हे ऐकून तुम्हांला नवल वाटेल.

हा विषय निवडण्यास एक कारण घडले. आमच्या एका विद्यार्थिनीच्या दोन्ही गालांवर व नाकावर लाल चट्टा उठला. आईबरोबर खळ्यावर कांदा निवडायला गेली, की उन्हाने तो वाढे. हळूहळू मैत्रिणी तिच्याजवळ बसेनाशा झाल्या. तपासणीत हा ल्युपस असल्याचे ठरले. ल्युपस संसर्गजन्य नाही. स्पर्शाने किंवा एका पेल्यातून पाणी प्याल्याने तो दुसऱ्यास होत नाही. यात शरीराचे रक्षकच शरीरावर उलटलेले असतात. सर्वांगाला होणाऱ्या ल्युपसच्या दहा रुग्णांपैकी सुमारे नऊ स्त्रिया असतात.

उन्हाचा वाटा

उन्हातील ३०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील किरणाच्या एका फोटॉनची ऊर्जा सुमारे ४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. पेशीतील डीएनएला इजा करण्यास ती पुरते. त्यामुळे त्वचेच्या वरच्या थरातील काही पेशी मरतात. निरोगी शरीरात त्यांचे अवशेष लगेच उचलले जातात. ल्युपसमध्ये ही साफसफाई मंदावते. शिवाय रुग्णाच्या रक्तात स्वतःच्याच पेशीकेंद्रातील द्रव्यांविरुद्ध प्रतिपिंडे असतात. मुंबईत परळ येथील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहीमॅटॉलॉजी या संस्थेत अशा प्रतिपिंडांचा अभ्यास झालेला आहे.

प्रतिपिंडे व अवशेष यांचे पुंजके काही रक्षक पेशी गिळतात. आतील डीएनए-आरएनए त्यांना विषाणूचे वाटते आणि त्या 'इंटरफेरॉन' हे प्रथिन सोडतात. म्हणजे चोर नसताना घंटा वाजते!

हाक किती दूर जाते?

इंटरफेरॉनच्या प्रभावाने त्वचेच्या पेशी 'केमोकाइन' नावाची लहान प्रथिने स्रवतात. सीएक्ससीएल-१० हे त्यांपैकी एक. टी-पेशींच्या पृष्ठभागावर सीएक्ससीआर-३ नावाचा ग्राही असतो. नाकाने वास घ्यावा तसे तो हे प्रथिन ओळखतो. ज्या बाजूस प्रथिन दाट, त्या बाजूस पेशी सरकते.

आता थोडे भौतिकशास्त्र पाहू. विसरणास लागणारा काळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. स्थिर पाण्यात एवढ्या लहान प्रथिनास ०.१ मिलिमीटर पसरण्यास सुमारे एक मिनिट लागते. १ सेंटिमीटर हे अंतर त्याच्या १०० पट, म्हणून काळ १०,००० पट. म्हणजे सुमारे सात दिवस! गालावरचा 'वास' पसरत पसरत साऱ्या शरीरातील पेशींपर्यंत जाणे शक्य नाही.

मग पेशींना हाक पोचते कशी? त्यांना जवळ आणण्याचे काम रक्तप्रवाह करतो. दाह झालेल्या जागच्या बारीक शिरांची आतली भिंत चिकट बनते. वाहत आलेली पेशी तिच्यावर गडगडत जाते व मंदावते. भिंतीला धरून बसलेल्या केमोकाइनची गाठ पडताच ती घट्ट चिकटते आणि भिंतीच्या फटीतून अंग चोरून त्वचेत शिरते. तेथून पुढे मात्र विसरणाने पसरलेला वास तिला वाट दाखवितो.

आत शिरलेल्या टी-पेशी त्वचेच्या पेशींवर हल्ला करतात. त्या स्वतःही एक प्रकारचे इंटरफेरॉन सोडतात. त्यामुळे केमोकाइन वाढते, आणखी पेशी येतात आणि चट्टा पसरतो.

चक्र कोठे तोडावे?

पहिला उपाय उन्हापासून बचाव, म्हणजे पूर्ण बाह्यांची वस्त्रे, टोपी व सावली. हिवतापावर वापरले जाणारे हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे औषध ल्युपसवर फार उपयोगी पडते. इंटरफेरॉनचा ग्राहीच अडविणाऱ्या 'ॲनिफ्रोल्युमॅब' या औषधास अमेरिकेत २०२१ साली मान्यता मिळाली. ल्युपस मूत्रपिंडासही इजा करू शकतो. म्हणून चट्टा लपवू नये, डॉक्टरांना दाखवावा.

आमची विद्यार्थिनी आता ओढणीने चेहरा झाकून येते आणि पहिल्या बाकावर, मैत्रिणींच्या मध्ये बसते.

करून पाहा : बशीत चायना ग्रासची खळ थिजवा. मध्यभागी शाईचा थेंब टाका. एक तासाने व चार तासांनी डाग कडेपासून किती सरकला ते मोजा. काळ चौपट झाला, अंतर किती पट झाले?

विचार करा : रक्तप्रवाह नसता, तर केवळ विसरणावर जगणारा प्राणी किती मोठा होऊ शकला असता?