शब्द एक, अर्थ दोन

नंदुरबार जिल्ह्याच्या नवापूर तालुक्यात चिंचपाडा हे गाव आहे. सुरत-भुसावळ लोहमार्गावर त्याचे स्थानक असून गुजरातची सीमा तेथून फार दूर नाही. समजा, तेथे थांबलेल्या गाडीतून एखादा गुजराती प्रवासी म्हणाला, ‘‘डबो खाली छे.’’ गुजराती न जाणणारा मराठी मुलगा वाकून डब्याखाली पाहू लागेल! वास्तविक ‘डबा रिकामा आहे’ एवढेच त्या प्रवाशाला सांगावयाचे असते. शब्द कानाला ओळखीचा, परंतु अर्थ निराळा.

संगणकाच्या भाषांतही असेच घडते. संगणकाने कोणते काम कोणत्या क्रमाने करावे, हे सांगणाऱ्या आज्ञांच्या मालिकेस ‘आज्ञावली’ म्हणतात. ‘पायथन’ आणि ‘सी’ या आज्ञावली लिहिण्याच्या दोन भाषा होत. दोहोंतही भागाकारासाठी तिरकी रेघ काढतात. परंतु ७ या पूर्णांकास २ ने भागावयास सांगितले, तर आजची पायथन ३.५ हे उत्तर देते. सी अपूर्णांक टाकून देते व ३ सांगते. आता, औषधाचे माप काढणारी आज्ञावली पायथनमधून सी भाषेत उतरवावयाची आहे असे समजा. जो केवळ चिन्हाखाली चिन्ह लिहीत जाईल, त्याची आज्ञावली विनातक्रार चालेल. परंतु माप चुकेल, आणि त्या चुकीचे फळ निरपराध रुग्णास भोगावे लागेल.

असे काम आपल्या राज्याला नवे नाही. मुंबईच्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या कंपनीने १९७४ साली रुग्णालयाच्या माहिती-व्यवस्थेची एक आज्ञावली ‘कोबोल’ भाषेतून कोबोल भाषेतच उतरविली! बरोज कंपनीच्या दोन यंत्रमालिकांची कोबोल वेगवेगळी होती. दर बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात, ते यंत्रांनाही लागू पडते.

म्हणून जाणता रूपांतरकार प्रथम मूळ आज्ञावलीचा हेतू समजून घेतो. नंतर तोच हेतू तो नव्या भाषेच्या रीतीने मांडतो. शेवटी दोन्ही आज्ञावलींना तीच उदाहरणे घालून उत्तरे ताडून पाहतो. त्या उदाहरणांत शून्य, ऋण संख्या व अपूर्णांक घ्यावयास तो विसरत नाही. कारण चूक बहुधा तेथेच दडलेली असते.

मुलांनो, रूपांतर शब्दांचे नसते, अर्थाचे असते. अर्थ सुखरूप पैलतीरी पोहोचला, तरच ते काम पुरे झाले म्हणावे.

स्वाध्याय

१. चुकीची आज्ञावलीही विनातक्रार का चालते?

२. मराठीत आणि हिंदीत निरनिराळ्या अर्थांनी वापरले जाणारे तीन शब्द शोधून वाक्यांत योजा.