किल्लारीत दगड दोषी होता का?

प्रश्न : किल्लारीच्या भूकंपानंतर आमच्या भागात दगडी घराची धास्ती बसली. सिमेंटचे घर बांधले की धोका टळला, असे सगळे म्हणतात. हे खरे का? आणि घर बांधायला गवंडी असताना घरमालकाला बांधकाम शिकवून काय उपयोग?

उत्तर : खरे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे माणसे मेली ती दगडामुळे नव्हे, तो रचण्याच्या पद्धतीमुळे. लातूर-उस्मानाबादकडची भिंत चांगली दोन-तीन फूट रुंद, पण तिचे बाहेरचे आणि आतले अंग वेगवेगळे रचलेले, मध्ये माती आणि दगडांचे तुकडे. दोन्ही अंगांना जोडणारा आरपार दगड बहुतेक भिंतींत नव्हताच. हादऱ्यासरशी भिंत उभी फाटली. वर माळवद. घर गार राहावे, गळू नये म्हणून त्यावर वर्षानुवर्षे माती चढत गेलेली. झोपेतल्या माणसांवर हा सगळा भार आला. सिमेंटचे म्हणाल, तर २००१ च्या कच्छच्या भूकंपात अहमदाबादेत काँक्रीटच्या बहुमजली इमारतीही कोसळल्या.

आता शिकवण्याबद्दल. सर्वाधिक नुकसान झालेली ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. पण मला अधिक मोलाचे वाटते ते उरलेल्या गावांतले दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचे काम. तिथे मदत हप्त्यांनी मिळे आणि घराचे काम मालकालाच करून घ्यावे लागे. म्हणजे आरपार दगड कुठे हवा, दारा-खिडक्यांच्या डोक्यावरून सगळ्या भिंतींना बांधणारा पट्टा कशासाठी, माळवदाची माती का उतरवायची, हे त्याला कळणे भाग होते. 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेने गावोगावच्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून तयार केले. त्या घरोघरी हे समजावत, कामावर नजर ठेवत आणि अडचणी अधिकाऱ्यांपुढे मांडत. अभियंता आठवड्यातून एखादी चक्कर मारणार. शेजारीण रोज तिथेच. पुढे कच्छमध्ये तो भूकंप झाला तेव्हा लातूरकडच्या बायका तिथल्या बायकांना आपला अनुभव सांगायला गेल्या. गवंडी शिकलेला हवाच, पण खर्च वाचवायला 'पट्टा राहू द्या' म्हणणारा मालकच असतो.

म्हणून दगडात बांधा किंवा विटांत, गिलाव्याआधी भिंत स्वतः तपासा. पट्ट्यातली सळई कोपऱ्यात तुटलेली नको, वळून पुढच्या भिंतीत गेलेली हवी. काँक्रीट ओतण्याआधीच ते पाहा आणि ओतल्यावर निदान आठवडाभर पाणी मारा.