काच कीं प्लास्टिक? जीपगाडीच्या खिडक्यांविषयीं दोन शब्द



गेल्या वर्षीं एके दिवशीं तास संपल्यावर नववीच्या वर्गांतील एक विद्यार्थी आमच्याजवळ येऊन म्हणाला, “सर, आमच्या जीपची बाजूची काच दगड लागून फुटली. वडील म्हणतात, आतां समोरच्या काचेसकट सगळ्याच काढून प्लास्टिकच्या बसवूं. म्हणजे फुटण्याचें भय उरणार नाहीं. हें बरोबर कीं चूक?” गिरणेच्या कांठानें व खडकाळ शिवारांतून ज्या गाडीस रोज जावें लागतें, तिच्या धन्यास असें वाटणें साहजिक आहे. आम्हीं त्या वेळीं अर्धेंच उत्तर दिलें. उरलेलें अर्धें आज येथें मांडीत आहों.

जीपचा व आपल्या प्रांताचा संबंध जुना आहे. आज महिंद्र ह्या नांवानें प्रसिद्ध असलेली कंपनी इ.स. १९४५ मध्यें स्थापन झाली व १९४७ पासून ती मुंबईस विलिस जीपगाड्या जुळवूं लागली. त्याच कुळांतील ‘थार’ गाडी हल्लीं आपल्याच जिल्ह्यांत, नाशिक येथें, तयार होते. जुन्या जीपला समोर काच व वर कापडी टप असे. बाजूच्या पडद्यांत पारदर्शक प्लास्टिकचे तुकडे शिवलेले असत. तेव्हां प्लास्टिकची खिडकी ही कांहीं अगदींच नवी कल्पना नव्हे.

प्रथम काचेचा विचार करूं. साधी काच फुटली म्हणजे तिचे सुरीसारखे तुकडे होतात. म्हणून मोटारीस ती चालत नाहीं. मोटारीची समोरची काच दुपदरी असते. दोन काचांच्या मध्यें चिवट प्लास्टिकचा पातळ थर असल्यानें ती तडकली तरी तुकडे जागच्या जागीं चिकटून राहतात. ह्या शोधाची कथा मनोरंजक आहे. इ.स. १९०३ मध्यें एदुआर बेनेदिक्तुस नांवाच्या फ्रेंच गृहस्थाच्या प्रयोगशाळेंत एक चंबू खालीं पडला. तो तडकला, पण विखुरला नाहीं. आंत सेल्युलोज नायट्रेटचा वाळलेला थर होता, त्यानें तुकडे धरून ठेविले होते. बाजूच्या काचा बहुधा निराळ्या असतात. त्या तापवून एकदम थंड केलेल्या असल्यामुळें फुटतांच त्यांचे बारीक, बोथट कण होतात.

आतां प्लास्टिक. खिडकीस उपयोगी पडणारीं प्लास्टिकें मुख्यतः दोन: अॅक्रिलिक व पॉलिकार्बोनेट. अॅक्रिलिक इ.स. १९३३ च्या सुमारास बाजारांत आलें व दुसऱ्या महायुद्धांत विमानांच्या छत्रांस वापरलें गेलें. छत्र फुटून त्याचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत गेले, तरी डोळ्यांनीं ते सोसले, हें पाहून हॅरोल्ड रिडले ह्या इंग्रज नेत्रवैद्यांनीं इ.स. १९४९ मध्यें मोतीबिंदूच्या रोग्याच्या डोळ्यांत ह्याच पदार्थाचें भिंग बसविलें. आज आपल्या वृद्ध आप्तांस जी दृष्टि परत मिळते, तिचा उगम असा आहे. पॉलिकार्बोनेट त्याहून धाकटें. त्याचा शोध इ.स. १९५३ मध्यें जर्मनींत हेर्मान श्नेल व अमेरिकेंत डॅनियल फॉक्स ह्यांनीं स्वतंत्रपणें लाविला. आघात सोसण्यांत त्याची बरोबरी काच करूं शकत नाहीं व अॅक्रिलिकही करूं शकत नाहीं.

वजनाचें गणित तुम्हीच करून पाहा. ६० सेंटिमीटर लांब, ४५ सेंटिमीटर रुंद व ४ मिलिमीटर जाड अशा तावाचें घनफळ १०८० घन सेंटिमीटर होतें. काचेची घनता सुमारें २.५, म्हणून काच भरेल २ किलो ७०० ग्रॅम. पॉलिकार्बोनेटची घनता १.२, तें भरेल सुमारें १ किलो ३०० ग्रॅम. वजन निम्म्याहून कमी, आणि फुटण्याचें भय जवळजवळ नाहीं. मग विद्यार्थ्याच्या वडिलांचें म्हणणें खरें नव्हे काय?

थांबा. पाट्या रंगविणाऱ्याकडून अॅक्रिलिकचा एक टाकाऊ तुकडा आणा. त्यावर टाचणीनें रेघ ओढा, ती उमटेल. काचेवर ती सहसा उमटत नाहीं. मग तो तुकडा लोकरीच्या कापडानें घांसून कागदाच्या कपट्यांजवळ न्या. कपटे उडी मारून चिकटतील. आपल्या मालेगांवच्या हवेंत उन्हाळ्याची धूळ असते व यंत्रमागांतून उडणारे कापसाचे तंतु असतात. तीं प्लास्टिकवर बसणार, आणि कोरड्या फडक्यानें पुसलीं कीं प्रत्येक कण एकेक ओरखडा पाडणार. समोरच्या काचेवर तर पाणी पुसणारी पट्टी फिरत असते. अशा ओरखडलेल्या तावांतून मुंबई-आग्रा रस्त्यावर रात्रीं समोरून येणाऱ्या दिव्यांचा झोत पडला, तर सारा ताव पांढरा दिसतो व रस्त्यांतला माणूस दिसत नाहीं. काच फुटण्याचा धोका टळला, परंतु दृष्टि गेली, तर आपण काय मिळविलें?

दुसरा दोष उष्णतेचा. हिवाळ्याच्या पहांटेपासून उन्हाळ्याच्या दुपारपर्यंत तावाचें तपमान ४० अंशांनीं वाढलें, तर ६० सेंटिमीटर लांबीची काच सुमारें ०.२ मिलिमीटर वाढते. पॉलिकार्बोनेट सुमारें १.७ मिलिमीटर. म्हणून भोंकें सैल ठेवावीं, बोल्ट करकचून आवळूं नयेत. नाहींतर ताव भोंकापाशीं तडकतो. उन्हानें पिवळा पडूं नये म्हणून संरक्षक लेप दिलेलाच ताव घ्यावा. पेट्रोल किंवा अमोनियायुक्त द्रव ह्यांनीं तो कधींही पुसूं नये. प्रथम भरपूर पाणी ओतावें, मग साबणाचें पाणी व मऊ कापड.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. गाडी उलटली, पाण्यांत शिरली किंवा पेटली, आणि दारें अडकलीं, तर बाजूची काच फोडून माणूस बाहेर निघतो. पॉलिकार्बोनेट मात्र हातोडीलाही दाद देत नाहीं. जी खिडकी दगडाला आंत येऊं देत नाहीं, ती कधीं कधीं मुलालाही बाहेर जाऊं देत नाहीं. तेव्हां अशी खिडकी बसवावयाचीच, तर ती आंतून झटकन उघडतां किंवा सोडवितां आली पाहिजे.

कायद्यानेंही हाच विवेक केला आहे. इ.स. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १०० व्या नियमाप्रमाणें समोरची काच दुपदरी सुरक्षित काचच हवी. समोरच्या व मागच्या काचेंतून निदान ७० टक्के व बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आला पाहिजे. टप व बाजूचे पडदे असलेल्या गाड्यांस व तीनचाकींस मात्र खिडक्यांसाठीं पारदर्शक प्लास्टिकची मुभा दिलेली आहे.

आतां त्या विद्यार्थ्याचें उत्तर. त्यांची जीप कापडी टपाची होती. आम्हीं सांगितलें: समोरची काच काढूं नका, बाजूच्या पडद्यांत प्लास्टिक खुशाल बसवा, पण चांगल्या प्रतीचें, आणि आंतून उघडणारें. वडिलांस तें पटलें. पुढें एका रविवारीं भेट झाली तेव्हां ते हंसून म्हणाले, “सर, खिडकी कशी उघडावी, हें आमच्या धाकट्या मुलीलाही आतां येतें.” त्या वाक्यानें आम्हांस जितकें समाधान झालें, तितकें परीक्षेच्या निकालानेंही क्वचित् होतें.

मुलांनो, कोणतीही वस्तु सर्वस्वीं चांगली किंवा सर्वस्वीं वाईट नसते. ती कोठें बसवावी हें ठरविण्यासाठींच देवानें आपणांस बुद्धि दिली आहे. आपल्या गाडींत जो बसतो त्याचा जीव आपल्या हातीं सोंपविलेला असतो. म्हणून पैसा किती वांचेल हें विचारण्याआधीं, माणूस कसा वांचेल, हें विचारण्याची संवय लावून घ्या.