उंदीर सोडायचा तर कुठे?

१. उंदीर येतो तो ज्वारीच्या ओढीने. हे ध्यानात आलं आणि माझा त्याच्यावरचा राग बराच ओसरला. आमच्या माढ्यात फेब्रुवारी-मार्चात रब्बीची सुगी उरकते, रानं मोकळी होतात, पोती घरात येऊन थप्पीला लागतात आणि मग रात्रीची खुडबुड सुरू होते. वर्षाचं धान्य भिंतीशी रचून ठेवायचं आणि कुणी फिरकू नये म्हणायचं, हे जरा जास्तच मागणं झालं.

२. पकडणं इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. उंदीर खोलीच्या मधून सहसा जात नाही, भिंतीच्या कडेकडेने पळतो. म्हणून पिंजरा भिंतीलगतच ठेवायचा. आकड्याला भाजलेला शेंगदाणा पुरतो, आणि सोलापूरकडच्या घरात शेंगदाणा शोधायला लागत नाही.

३. खरी परीक्षा दार खाली पडल्यावर सुरू होते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली राहिलेला पिंजरा म्हणजे भट्टी. एवढासा जीव त्यात तहानेनं आणि घाबरून दुपारपर्यंतसुद्धा तग धरत नाही. म्हणून मी पिंजरा रात्रीच लावते, पहाटे उठल्याबरोबर बघते, आत काकडीची फोड ठेवते आणि वरून गोणपाट टाकते. अंधार झाला की त्याची तारांवरची धडपड थांबते. जिवंत पकडायचं ठरवलं की त्याच्या वेळेला बांधून घ्यावं लागतं. तेवढी सवड नसेल त्या दिवशी पिंजरा लावूच नये, असं माझं ठाम मत आहे. चिकटपट्टी तर मी घरात येऊ देत नाही. तिच्यावर अडकलेला उंदीर तासन्‌तास जिवंत असतो, सुटायला धडपडत स्वतःचीच कातडी सोलून घेतो. इंग्लंडने २०२२ साली त्याविरुद्ध कायदा केला आणि जुलै २०२४ पासून परवान्याशिवाय ती लावणं तिथे गुन्हा आहे. आपल्याकडे ती अजून दुकानात दिसली की मला वाईट वाटतं.

४. सोडण्याआधी पोटाखाली बघावं, हे मला फार उशिरा कळलं. आचळं फुगलेली, भोवतीचे केस झडलेले दिसले तर ती ओली बाळंतीण असते. तिची पिल्लं थप्पीमागे कुठेतरी डोळे मिटून पडलेली असतात. जन्मल्यावर दोन आठवडे त्यांना दिसत नाही, तीन आठवडे आईवाचून चालत नाही. तिला लांब नेऊन सोडलं तर आपण एकीला वाचवतो आणि घरात पाच-सहा उपाशी मारतो. अशी मादी मी परसदारीच सोडते. ती परत येणार हे माहीत असतं. येऊ दे.

५. आईला हे उंदीर जिवंत सोडणं पटत नाही, आणि तिची भीती मी हसण्यावारी नेत नाही. घरात उंदीर पटापट मरून पडू लागले की गाव सोडून रानात झोपड्या घालायच्या, हे प्लेगच्या काळात लोकांनी केलेलं आहे. फार लांबची गोष्टही नाही. १९९४ साली बीड जिल्ह्यात मामला गावी गाठीच्या प्लेगचे संशयित रुग्ण आढळले होते. आदल्या वर्षी किल्लारीचा भूकंप झाला, लोकांनी सोडलेल्या घरांतल्या धान्यावर उंदीर वाढले, असं तेव्हा सांगितलं गेलं. त्यामुळे मी उंदराला उघड्या हाताने शिवत नाही. पिंजरा साबणाने धुऊन कडक उन्हात ठेवते. कारण उंदराच्या मुतातून लेप्टो हा आजारही पसरतो.

६. सोडण्याची जागा मला अजून नीट सापडलेली नाही. घराजवळ सोडला तर तो पुन्हा दारात. दुसऱ्याच्या रानात सोडणं म्हणजे त्याच्या कणसांवर आपला त्रास ढकलणं. उघड्या माळावर धामण आहे, घुबड आहे, आणि घराच्या आडोशाला वाढलेल्या उंदराला तिथलं बीळ ठाऊक नाही. सध्या मी आमच्याच बांधापलीकडच्या ओढ्याला, बाभळीच्या जाळीत, तिन्हीसांजेला दार उघडते. विष घालण्यापेक्षा हे मला बरं वाटतं. विष खाल्लेला उंदीर घुबडाने उचलला तर ते घुबडही दगावू शकतं, आणि ते तर आमच्या रानाचं राखणदार.

७. पिंजऱ्याहून जास्त काम सिमेंट करतं. बारक्या उंदराला पेन्सिल शिरेल एवढी फट पुरते. धान्य पत्र्याच्या कोठीत गेलं, उंबऱ्याखालच्या भेगा तारेची घासणी कोंबून बुजवल्या. मोरीच्या नळाभोवतीची तेवढी राहिलीय. गवंडी रविवारी येतो म्हणालाय.