इंजिनाच्या व्हॉल्व्हची झीज आणि टॅपेटची फट

शेतकऱ्याच्या इंजिनांत पिस्टन, क्रँक, फ्लायव्हील हे भाग डोळ्यांत भरणारे असल्यामुळें त्यांची निगा बहुधा राखली जाते. तेल वेळेवर बदललें जातें, पट्टा पाहिला जातो, पाण्याची टांकी भरली जाते. परंतु सिलिंडरांतील दाब ज्यांच्यावर अवलंबून आहे ते व्हॉल्व्ह हेडच्या पोटांत झांकलेले असतात, आणि इंजिन सुरू होण्यास कुरकुर करूं लागेपर्यंत त्यांची आठवण कोणास होत नाहीं. ही आठवण होण्याची वेळ पुष्कळदां फार वाईट असते. गुऱ्हाळ इंजिनावर चालत असेल, ऊस तोडून घाण्यापाशीं येऊन पडला असेल, काहिलींत आधण चढलें असेल आणि अशा वेळीं इंजिनाचा जोर गेला, तर हंडींत सांठलेला रस आंबूं लागतो व त्याचा गूळ नीट बसत नाहीं. पांच-पन्नास ग्रॅम वजनाच्या एका पोलादी तुकड्यापायीं एवढें नुकसान होतें. म्हणून त्याची झीज कशी होते व ती कशी कमी करतां येते याचा विचार येथें करावयाचा आहे.

कोल्हापूरच्या शेतकऱ्यास इंजिन नवीन नाहीं. राधानगरी धरणाचें काम शाहू महाराजांच्या कारकीर्दींत सुरू झालें. परंतु भोगावती व पंचगंगा यांचें पात्र मळ्यांपेक्षां खोल असल्यानें पाणी उचलूनच घ्यावें लागे, आणि त्या कामीं तेलाचीं इंजिनें आलीं. प्रथम इंग्लंडांतील डर्सली येथील लिस्टरसारखीं मंदगती विलायती इंजिनें होतीं. पुढें साताऱ्याचें कूपर आलें, आणि १९४६ सालीं स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑईल इंजिन्स कंपनीचीं इंजिनें गांवोगांव पसरलीं. त्या कंपनीचा एक मोठा कारखाना आज आपल्याच जिल्ह्यांत, कागल-हातकणंगले औद्योगिक वसाहतींत आहे. नदीकांठच्या बहुतेक पंपांवर आतां विजेच्या मोटारी बसल्या आहेत हें खरें. तथापि ट्रॅक्टर, पॉवर टिलर, जनरेटर व अडीअडचणीला ठेवलेलें जुनें इंजिन यांच्या रूपानें व्हॉल्व्ह प्रत्येक वाड्यांत आहेच.

चार धांवांच्या इंजिनांत फ्लायव्हीलच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक व्हॉल्व्ह एकदां उघडतो व एकदां मिटतो. इंजिन मिनिटास १५०० फेरे घेत असेल तर तो मिनिटाला ७५० वेळां, तासाला ४५,००० वेळां आणि दहा तासांच्या दिवसांत साडेचार लक्ष वेळां आपल्या सीटवर आपटतो. आंत येणाऱ्या थंड हवेचा व्हॉल्व्ह यांत त्या मानानें सुखी असतो. धूर सोडणाऱ्या व्हॉल्व्हची स्थिति मात्र निराळी. पूर्ण भार असतांना त्याची चकती ६०० ते ७०० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापते, म्हणजे अंधारांत लाल दिसेल इतकी. ही उष्णता बाहेर पडण्यास वाटा दोनच: थोडी दांड्यावाटे गाइडमध्यें जाते, आणि सुमारें तीन चतुर्थांश, व्हॉल्व्ह मिटलेला असतांना, त्याच्या कांठावाटे सीटमध्यें व तेथून पाण्यांत जाते. व्हॉल्व्ह आपल्या सीटवर घट्ट टेकतो तेव्हांच तो थंड होतो, हें वाक्य वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढील सर्व विवेचन त्यावर उभें आहे.

तापलेलें लोखंड वाढतें. व्हॉल्व्ह १२० मिलिमीटर लांब आहे व त्याचें सरासरी तापमान ३०० अंशांनीं वाढलें असें धरलें, तर साध्या पोलादाच्या प्रसरणाच्या मानानें त्याची लांबी सुमारें ०.४३ मिलिमीटरनें वाढते. हेड व सिलिंडरही तापून वाढत असल्यामुळें ही सगळी वाढ रॉकरपर्यंत पोहोंचत नाहीं. तथापि कांहीं वाढ उरतेच. तिला जागा मिळावी म्हणून रॉकर व दांड्याचें टोंक यांमध्यें थोडी फट राखलेली असते. हीच टॅपेटची फट. धुराचा व्हॉल्व्ह अधिक तापत असल्यानें पुष्कळ इंजिनांत त्याची फट हवेच्या व्हॉल्व्हपेक्षां जास्त सांगितलेली असते.

आतां झीज कशी होते तें पाहूं. ती दोन ठिकाणीं होते व तिचे परिणाम एकमेकांच्या उलट असतात. रॉकरचें टोंक, पुशरॉडच्या वाट्या, टॅपेट व कॅम हे भाग झिजले म्हणजे फट वाढते, आणि इंजिन टक्‌टक्‌ आवाज करूं लागतें. उलट, व्हॉल्व्हचा कांठ व सीट झिजली म्हणजे व्हॉल्व्ह सीटमध्यें खोल बसूं लागतो, त्याचा दांडा तितकाच वर रॉकरकडे सरकतो, आणि फट कमी होते. या दुसऱ्या झिजेचा आवाज मुळींच होत नाहीं. उलट इंजिन पूर्वीपेक्षां शांत चालल्यासारखें वाटतें व मालक समाधान पावतो! फट शून्यावर आली म्हणजे तापलेला व्हॉल्व्ह पुरता मिटत नाहीं. केसाएवढी वाट उघडी राहते. सीटशीं संबंध तुटल्यानें त्याची उष्णता जात नाहीं, आणि त्या केसाएवढ्या वाटेनें जळता वायु प्रचंड वेगानें बाहेर पडून कांठाचा तुकडा खाऊन टाकतो. यालाच मिस्त्री लोक व्हॉल्व्ह जळला असें म्हणतात. तो आधीं बहुधा दबलेला असतो, जळणें हें त्याचें फळ होय.

यावरून कानानें टॅपेट बसविण्याची चाल किती घातक आहे हें कळून येईल. आवाज येतो म्हणून स्क्रू पिळावा व आवाज थांबला म्हणजे काम झालें समजावें, असें करणारे लोक गांवोगांव आहेत. फट फार मोठी राहिली तर नुकसान होतें, यांत शंका नाहीं. व्हॉल्व्ह हळू टेकण्याऐवजी आपटतो आणि दांड्याचें टोंक ठेचतें. पण तें नुकसान महिन्यांनीं मोजावयाचें असतें, आणि फट नाहींशी झाल्याचें नुकसान दिवसांनीं. दोहोंपैकीं एक पत्करावयाचेंच झालें तर थोडा आवाज पत्करावा.

फट मोजण्यास फीलर गेज हें साधन लागतें. पातळ पोलादी पात्यांचा हा जुडगा अगदीं थोड्या पैशांत मिळतो आणि ज्याच्या घरीं इंजिन आहे त्याच्या घरीं तो नसावा हें आश्चर्यच. किती फट ठेवावयाची व ती इंजिन थंड असतांना कीं गरम असतांना, हें इंजिनाच्या पुस्तकांत दिलेलें असतें. शेजाऱ्याच्या इंजिनाचा आंकडा आपल्या उपयोगी नाहीं. फ्लायव्हील चालण्याच्या दिशेनें हातानें फिरवावें. हवेचा व्हॉल्व्ह उघडून मिटला कीं आणखी जवळजवळ अर्धा फेरा पुढें नेऊन खूण जुळवावी. या वेळीं पिस्टन दाबाच्या धांवेच्या माथ्यावर असतो व दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात. पातें फटींतून किंचित् अडखळत सरकलें पाहिजे. नट आवळल्यावर पुन्हां एकदां पाहावें, कारण आवळतांना स्क्रू हटकून थोडा फिरतो. रॉकरच्या टोंकास खळगा पडला असेल तर सपाट पातें खळग्याच्या दोन्ही कांठांवर टेकतें व खरी फट मोजलेल्या फटीपेक्षां अधिक असते. अशा वेळीं टोंक घासून नीट करावें किंवा रॉकर बदलावा.

येथें एक सूचना करावीशी वाटते, जी सहसा कोणी करीत नाहीं. फट जुळविण्यापूर्वीं ती किती भरली हें वहींत तारीख व तास यांसह लिहून ठेवावें. पुस्तक हरवलें असल्यास दर २५० तासांनीं हें करण्यास हरकत नाहीं. दोन-तीन नोंदी झाल्या म्हणजे व्हॉल्व्ह किती वेगानें सीटमध्यें उतरत आहे हें हेड न उघडतां समजतें. धुराच्या व्हॉल्व्हची फट दर वेळीं वाढती घट दाखवूं लागली, तर हंगामापूर्वीं हेड उघडण्याची वेळ आली असें समजावें. ज्याच्यापाशीं ही वही आहे त्याला मिस्त्रीच्या अंदाजावर अवलंबून राहावें लागत नाहीं.

झिजेचें मूळ पुष्कळदां बाहेरून येतें. वाळूचा कण लोखंडास ओरखडण्याइतका कठीण असतो, आणि गाडीवाटेची धूळ, चिपाडांचा भुसा व चुलवाणाची राख यांच्यामध्यें बसविलेलें इंजिन दर फेऱ्यागणिक तें सर्व ओढूं पाहतें. हवेच्या गाळणींत तेलाची पातळी खुणेपर्यंत असावी. तेलांत चिखल दिसला कीं तें बदलावें. गाळणी व इंजिन यांमधील रबरी नळी चिरलेली असेल तर गाळणीचा कांहीं उपयोग नाहीं, आणि ही चीर बहुधा नळीच्या खालच्या अंगास असल्यानें दिसत नाहीं. धुळीनें गाइड झिजलें म्हणजे दांडा डुलतो, व्हॉल्व्ह एका बाजूवर टेकतो आणि मग कितीही घासला तरी टिकत नाहीं. म्हणून हेड उघडल्यावर आधीं दांडा हलवून गाइड पाहावें व मग सीटकडे वळावें. उघड्या रॉकरच्या जुन्या मंदगती इंजिनांस दांड्यावर तेलाचे थेंब हातानें द्यावे लागतात. दोन थेंब पुरेत, धार सोडल्यास तें तेल आंत जाऊन काजळी होते.

काजळी हा दुसरा शत्रु. नोझल गळका असणें, इंजिनावर शक्तीबाहेर भार घालून काळा धूर सोडीत चालविणें, आणि त्याउलट तासन्‌तास रिकामें चालू ठेवणें, या तिन्हींनीं ती वाढते. तिचा पापुद्रा सुटून सीटवर अडकला कीं तेथें खड्डा पडतो. इंजिन थांबवितांना व्हॉल्व्ह उघडा धरणारा दाब सोडण्याचा दांडा ओढणें ही एक वाईट खोड आहे. भर वेगांत व्हॉल्व्हवर त्यानें आघात होतो. इंजिन डिझेल बंद करूनच थांबवावें, आणि त्यापूर्वीं पांच मिनिटें हलक्या भारावर चालूं द्यावें. थंडाव्याच्या पाण्याविषयीं इतकेंच सांगतों कीं, धुराच्या सीटभोंवतालच्या पाण्याच्या वाटेंत विहिरीच्या जड पाण्याचा क्षार किंवा नदीचा गाळ बसला, तर टांकी भरलेली असूनही सीट मात्र भाजत राहते.

व्हॉल्व्ह घासण्याच्या कामांत अति उत्साह दिसतो. घासण्याचा हेतु चकाकी आणणें हा नसून, कांठाभोंवतीं अखंड, करड्या रंगाचा पट्टा उमटविणें हा आहे. लहान इंजिनांत त्याची रुंदी दीड ते दोन मिलिमीटर पुरे, आणि तो कांठाच्या मध्यावर पडावा. जाड मलम फक्त खड्डे जाईपर्यंत वापरावा, मग बारीक. मधून मधून व्हॉल्व्ह उचलून जागा बदलावी, आणि शेवटीं सर्व भाग रॉकेलनें धुवावे. राहिलेला मलम इंजिनांत गेला तर तो धुळीचेंच काम करतो. परीक्षा सोपी आहे: व्हॉल्व्ह स्प्रिंगसह बसवून धुराच्या वाटेंत रॉकेल ओतावें व कांहीं मिनिटें पाहावें, चकतीच्या बाजूस ओल आली तर काम अपुरें आहे. चकतीचा कडेचा भाग सुरीसारखा पातळ झाला असेल तर व्हॉल्व्ह फेंकून द्यावा, कारण ती कड प्रथम जळते. सीट फार खोल गेली असल्यास शिवाजी उद्यमनगरांतील चांगल्या कारखान्यांत कठीण पोलादाची नवी सीट घालून मिळते. ती सैल बसली तर उष्णता अडते, म्हणून स्वस्त कामाच्या मागें लागूं नये.

जुन्या पेट्रोल इंजिनांच्या मालकांनीं एक गोष्ट जाणावी. पेट्रोलमध्यें पूर्वीं शिसें मिसळीत असत; जळल्यावर त्याचा पातळ थर सीटवर बसून लोखंडाचा लोखंडाशीं चिकटा होऊं देत नसे. भारतांत शिसेयुक्त पेट्रोल २००० सालीं बंद झालें, आणि प्रकृतीच्या दृष्टीनें तें योग्यच झालें. पण हेडच्या बिडांतच कोरलेली मऊ सीट असलेल्या इंजिनांत व्हॉल्व्ह त्यामुळें लवकर उतरतो. डिझेलवाल्यांस ही चिंता नाहीं. गोबरगॅसवर इंजिन चालविणाऱ्यांनीं मात्र वायु लोखंडाच्या किसांतून गाळून घ्यावा, कारण त्यांतील गंधकयुक्त वायूपासून होणारें आम्ल दांडे व गाइडें खातें.

२००५, २०१९ व २०२१ सालच्या महापुरांत पंचगंगेकांठचीं अनेक पंपघरें पाण्याखालीं गेलीं. बुडालेलें इंजिन हँडल मारून पाहूं नये. सिलिंडरांतील पाणी दबत नाहीं व कनेक्टिंग रॉड वांकतो. हेड काढून, व्हॉल्व्ह बाहेर घेऊन, दांडे व गाइडें त्याच दिवशीं रॉकेलनें धुवून तेल लावावें, आणि प्रत्येक व्हॉल्व्ह ज्या सीटचा त्याच सीटवर परत बसवावा. जें इंजिन पावसाळाभर नुसतें उभें राहणार असेल, त्याचें फ्लायव्हील दोन्ही व्हॉल्व्ह मिटतील अशा खुणेवर आणून ठेवावें. दमट हवा सिलिंडरांत शिरत नाहीं व एखादी स्प्रिंग दबलेली राहत नाहीं. दसऱ्यानंतर तें सुरू करण्यापूर्वीं झांकण काढून फ्लायव्हील चार-सहा फेरे हातानें फिरवावें आणि दोन्ही व्हॉल्व्ह खालीं जाऊन पुन्हां पुरते वर येतात कीं नाहीं तें पाहावें. जो अडकेल त्याच्या दांड्यावर रॉकेलमिश्रित तेल सोडून तो मोकळा होईपर्यंत इंजिन चालूं करूं नये.