शेठजींना क्यूआर चालतो, मग कॉम्प्युटर का चालत नाही?

प्रश्न : मी सौंसरला संत्र्याच्या एका व्यापाऱ्याकडे दिवाणजी आहे. बी.कॉम. झालोय, टॅली येतं. पण शेठजी लाल कापडाच्या वहीपलीकडे जायला तयार नाहीत. गंमत म्हणजे आमच्या ओळीत इलेक्ट्रॉनिक काटा सगळ्यांत आधी त्यांनीच आणला, आणि क्यूआर कोडचा स्टिकर लावायलाही मागेपुढे पाहिलं नाही. कॉम्प्युटरचं नाव काढलं की मात्र, "बघू ना बाप्पा, दिवाळीनंतर." दिवाळ्या येतात नि जातात. राग तर येतोच, पण त्याहून जास्त कुतूहल वाटतं. एकेकाळी नवं आणणारा माणूसच पुढे नव्याला आडवा का जातो? आणि अशा मालकापुढे नोकरमाणसानं करायचं काय?
— एक वाचक, सौंसर

उत्तर : तुमच्या शेठजींचं नव्याशी वैर नाही, हे तुम्हीच लिहिलंय. म्हणून आधी काटा, स्टिकर आणि कॉम्प्युटर यांत फरक काय ते बघू.

काटा आला तेव्हा वजनावरून होणारी वादावादी मिटली, आणि काट्याजवळ उभं राहून आकडा सांगणारे शेठजीच राहिले. यूपीआय २०१६ साली आलं. स्टिकरला खर्च नव्हता, शिकायचं काही नव्हतं आणि पैसे त्यांच्याच खात्यात पडत होते. दोन्हींत त्यांच्या हातातलं काही सुटलं नाही. कॉम्प्युटरवर मात्र बोटं तुमची चालणार. आज कोण किती देणं लागतो हे शेठजींच्या डोक्यात असतं आणि तुम्ही त्यांना विचारता. उद्या त्यांना तुम्हाला विचारावं लागेल. चूक झालीच तर बागायतदाराच्या दारात उभं राहायचं त्यांना, आणि काम हलकं होणार तुमचं. फायदा एकाचा आणि जोखीम दुसऱ्याची असा सौदा कोणता व्यापारी करेल?

त्यात संत्र्याच्या धंद्याचा हिशेब सरळ नसतो. आंबिया बहाराचा सौदा फळ झाडावर असतानाच बागेत उभं राहून होतो. इसार दिला जातो, मग उचल. पुढे गळ झाली, गारपीट झाली, भाव कोसळला की ठरलेली रक्कम पुन्हा बोलून ठरते. शेठजी वहीच्या समासात लिहितात, "गारपिटीपोटी इतके सोडले, बाकी मृगाच्या बहारात बघू." या एका ओळीत सूट आहे, उधारी आहे आणि पुढच्या सौद्याचं वचनही आहे. तीच ओळ टॅलीत घालायला गेलात की प्रश्न येतो, ही रक्कम कोणत्या खात्यात टाकू? शेठजींना त्या प्रश्नाचं उत्तर येत नाही असं नाही. इतकी वर्षं तो प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता, एवढंच.

आता तुमच्या कुतूहलाकडे वळू. नवं आणणारा माणूसच पुढे नव्याला आडवा जातो, याचं सगळ्यांत बोलकं उदाहरण खुद्द जेम्स वॅटचं आहे. वाफेच्या इंजिनाला ज्यानं नवं रूप दिलं, त्याच वॅटच्या कंपनीत विल्यम मर्डॉक नावाचा हुशार कारागीर होता. १७७७ साली तो बर्मिंगहॅमला काम मागायला आला आणि पुढे खाणींवरची इंजिनं सांभाळायला कॉर्नवॉलला गेला. तिथं रेडरूथ गावी १७८४ च्या सुमारास त्यानं वाफेवर स्वतः पळणाऱ्या गाडीचं छोटं मॉडेल तयार केलं आणि घरातल्या जमिनीवर चालवून दाखवलं. १७८६ साली तो त्याचं पेटंट घ्यायला लंडनला निघाला. वाटेत एक्सेटरजवळ वॅटचा भागीदार मॅथ्यू बोल्टन भेटला आणि त्यानं समजूत घालून मर्डॉकला माघारी धाडलं. वॅटनं आपल्या १७८४ च्या पेटंटात वाफेच्या गाडीचा उल्लेख करून ठेवला होता, पण गाडी बनवली नाही.

वॅटला यंत्र कळत नव्हतं, असं कोण म्हणेल? त्याचा सगळा धंदा कमी दाबाच्या वाफेवर उभा होता आणि पेटंटची मुदत १८०० पर्यंत होती. गाडीला जास्त दाब लागणार. म्हणजे जमलेला धंदा बाजूला ठेवून नव्या वाटेला लागा, आणि बॉयलर फुटला तर नाव खराब होणार कंपनीचं. ही भीती पोकळ नव्हती. रिचर्ड ट्रेव्हिथिकनं जास्त दाबाची इंजिनं केली, तेव्हा १८०३ साली ग्रीनिचला त्याच्या एका इंजिनाचा बॉयलर फुटून चार माणसं दगावली. पण ट्रेव्हिथिक थांबला नाही. सुरक्षेच्या जास्तीच्या सोयी त्यानं इंजिनात घातल्या, आणि १८०४ साली वेल्समध्ये रुळांवरून इंजिन चालवून दाखवलं. वॅटची काळजी खरी होती, तरी आगगाडी दुसऱ्याच्या नावावर गेली. एकदा नवं आणून ज्याचं बस्तान बसलं, त्याला पुढचं नवं महाग पडतं. त्याच्याजवळ आता गमावण्यासारखं काही असतं, आणि सौंसरच्या पेढीलाही हेच लागू आहे.

हा मालकांचाच स्वभाव आहे असंही समजू नका. आपल्या बँकांत नेमकं उलट झालं होतं. तिथं व्यवस्थापनाला यंत्रं हवी होती आणि कर्मचारी अडून बसले होते, कारण नोकऱ्या जाण्याची भीती त्यांना होती. शेवटी सप्टेंबर १९८३ मध्ये बँक व्यवस्थापन आणि कर्मचारी संघटना यांच्यात करार झाला. त्यात कुठली यंत्रं, कोणत्या कामासाठी आणि किती, याला मर्यादा घालून घेतली, आणि मगच संगणकाचा बँकेत रीतसर प्रवेश झाला. ज्याच्या डोक्यावर जोखीम, तो हात आखडता घेतो, मग तो गादीवर बसलेला असो की काउंटरमागे.

शेठजींच्या बाजूनं अजून एक गोष्ट सांगतो, म्हणजे तुम्हालाही जरा सबुरी येईल. ब्रिटनमध्ये १९९९ पासून गावोगावच्या पोस्टाच्या काउंटरवर 'होरायझन' नावाची संगणकप्रणाली बसवली. तिच्या दोषांमुळे हिशेबात नसलेली तूट दिसू लागली. पोस्ट ऑफिस म्हणालं, संगणक चुकत नाही, तुम्हीच पैसे खाल्ले. २०१५ पर्यंत नऊशेहून अधिक पोस्टचालक चोरी आणि अफरातफरीसाठी दोषी ठरले, काही तुरुंगात गेले. प्रणालीत दोष होते हे तिथल्या उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये मान्य केलं, आणि सरसकट शिक्षा रद्द करायला २०२४ साली खास कायदा करावा लागला. पडताळायला दुसरा हिशेब हाताशी नसला की असं होतं. शेठजींची वही तो दुसरा हिशेब आहे, तेव्हा तिला अडगळ म्हणू नका.

याच पत्रातला दुसरा प्रश्न : मग करायचं काय?

"शेठजी, कॉम्प्युटर घ्या" हे वाक्य आधी बंद करा. ज्या टॅलीसाठी तुम्ही जीव टाकताय, तिचा जन्मच एका व्यापाऱ्याच्या अडचणीतून झाला. श्यामसुंदर गोयंका यांना आपल्या धंद्याचा हिशेब ठेवायला मनासारखं सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांनी मुलाला, भरत गोयंकांना, ते तयार करायला सांगितलं. हे १९८६ च्या सुमाराचं बंगलोर. तिथं मागणी मालकाची होती आणि यंत्र मागाहून आलं. तुमच्या शेठजींचीही एखादी अडचण असेलच, ती शोधा.

तोडीच्या दिवसांत संध्याकाळी ते कोणता प्रश्न दहादा विचारतात? बहुधा हाच, की कुणाकडे किती उचल बाकी आहे. वहीतून ते काढायला पानं उलटत बसावं लागतं. त्यांची परवानगी घेऊन फक्त इसार आणि उचल एवढंच कॉम्प्युटरवर घ्या. रोज सकाळी एक छापील कागद गादीवर ठेवा. त्यावर लोधीखेडा, मोहगाव, रामाकोना, पिपळा नारायणवार अशी गावं एकाखाली एक, प्रत्येक गावाखाली बागायतदाराचं नाव आणि बाकी. अक्षर मोठं ठेवा. ज्या दिवशी तो कागद ठेवलेला नसेल आणि शेठजी "आजचा कागद कुठाय?" म्हणतील, त्या दिवशी अर्धं काम झालं.

वही बंद करायची नाही. एक पूर्ण बहार दोन्ही हिशेब बरोबर चालू द्या, आणि फरक पडला तर वहीचा आकडा खरा धरून शेठजींच्या समोर बसून चूक शोधा. कधी ती तुमची निघेल, कधी वहीची. समासातल्या शेऱ्यांसाठी प्रत्येक नोंदीखाली मोकळी जागा ठेवा आणि शेठजी जे बोलतात ते त्यांच्याच शब्दांत तिथं लिहा. पासवर्ड त्यांच्याकडे द्या, आणि रोजच्या नकलेचा पेनड्राइव्ह त्यांच्या तिजोरीत जाऊ द्या. हिशेब तुमच्या हातात गेला असं त्यांना वाटता कामा नये, आणि खरंच जाताही कामा नये.

एक काम चुकूनही करू नका. दुकानाचा हिशेब गुपचूप आपल्या मोबाइलमध्ये किंवा घरच्या लॅपटॉपवर उतरवू नका. हेतू कितीही चांगला असला, तरी उघडकीस आलं की विश्वास गेलाच, आणि मग कॉम्प्युटर राहू द्या, वहीही तुमच्या हातात राहायची नाही.

आणखी एक शक्यता आहे, ती तुम्हालाच ठाऊक. कच्ची आणि पक्की अशा दोन वह्या असतील, तर शेठजींचा नकार वेगळ्याच कारणासाठी आहे आणि तुमची कुठलीही युक्ती तिथं चालणार नाही. तेव्हा टॅलीची चिंता सोडा आणि कोणत्या कागदावर अक्षर नि सही आपली आहे, ते बघा.

एवढं करून एक बहार गेला आणि शेठजी तरी "दिवाळीनंतर" वरच अडून राहिले, तर? मर्डॉक माघारी फिरला, पण हात बांधून बसला नाही. मालकाच्या धंद्याच्या आड न येणारं काम त्यानं हाती घेतलं. १७९२ च्या सुमारास कोळशाच्या वायूवर दिवे लावले, पुढे ते दिवे कंपनीच्या सोहो कारखान्यातही लागले, आणि १८१० मध्ये तो कंपनीत भागीदार झाला. ट्रेव्हिथिकसारखं स्वतंत्र व्हायचं असेल, तर बोरगावचे कारखाने आणि नागपूरच्या पेढ्या हिशेबनीस शोधतच असतात. पण जाण्याआधी संत्र्याचा सौदा कसा ठरतो, मोडतो आणि पुन्हा जुळतो, हे शेठजींकडून नीट शिकून घ्या. टॅली चालवणारे नागपुरात खूप मिळतील. गारपिटीनंतर बागेत उभं राहून बागायतदाराशी रक्कम कशी बोलायची, हे टॅली शिकवत नाही.