खरखर कुठून येते

हापूसच्या हंगामात रत्नागिरीहून वाशीला धावणाऱ्या पिकअपची वायरिंगची कामं मी करतो. त्यांतल्या रेडिओनं जे शिकवलं, ते थोडं सांगतो.

१. दोष बहुधा टेपमध्ये नसतो. कॅसेट जाऊन जमाना झाला, तरी चालकांच्या तोंडी अजून ‘टेप’च. ‘दादा, टेप गेला, नवा टाका,’ असं म्हणत ते येतात. मी आधी मागची अँटेनाची पिन उपसतो आणि मीटर लावतो. साध्या दांडीच्या अँटेनात केबलची मधली तार दांडीशी जोडलेली हवी आणि बाहेरच्या जाळीला कुठंही टेकता कामा नये. पुष्कळदा आजार इथंच सापडतो आणि गरीब माणसाचे नव्या टेपचे पैसे वाचतात.

२. अर्थिंगपुढं मी नेहमी नमतो. दांडी ही अर्धीच अँटेना. उरलेली अर्धी म्हणजे गाडीचं पत्र्याचं अंग. दोघांची गाठ पडते ती दांडीच्या बुडाशी, एका नटाखाली. आमच्याकडं खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस. वरून बूड चकचकीत दिसतं, पण नट सोडला की खाली तांबूस भुगा. तो खरवडून पत्रा उघडा करायचा, नट आवळायचा, वरून पाणी शिरणार नाही असं रबर बसवायचं. एवढ्यानं मेलेलं स्टेशन खणखणीत बोलायला लागतं, याचं मला आजही नवल वाटतं.

३. दांडीची लांबी शोभेसाठी नसते. एफएमची स्टेशनं १०० मेगाहर्ट्झच्या आगेमागे असतात. तिथं लहर ३ मीटरची, तिचा चौथा हिस्सा ७५ सेंटिमीटर. जुन्या दांड्या साधारण तेवढ्याच. आखूड अँटेनाच्या बुडाशी बरेचदा अ‍ॅम्प्लिफायर असतो. त्याला टेपच्या निळ्या तारेतून १२ व्होल्ट लागतात. टेप बदलताना ती तार मोकळी राहिली, की दोष बिचाऱ्या अँटेनावर येतो.

४. आवाज नीट ऐकला, तर तो स्वतःच पत्ता सांगतो. डिझेल पिकअपला स्पार्क प्लग नसतो, त्यामुळं ठिणगीची खरखर नाही. अ‍ॅक्सिलरेटरबरोबर चढणारी शिट्टी आली, की मी अल्टरनेटर आणि अर्थच्या तारा बघतो. एकसारखी खरखर असेल, तर पहिल्यांदा मोबाइलचा स्वस्त चार्जर उपसून बघतो. कित्येकदा काम तिथंच संपतं.

५. काही ठिकाणी कारागिराचा हात पोचत नाही. एफएमची लहर जवळजवळ सरळ रेषेत जाते. परशुराम, कशेडीचा डोंगर आडवा आला की आवाज तुटतो. हे मी चालकाला आधीच सांगतो, उगाच खर्चात पाडत नाही. मध्यम लहरींचं वेगळं. मुंबईची अस्मिता वाहिनी आम्ही ५५८ किलोहर्ट्झवर ऐकत आलो. ती लहर अर्ध्या किलोमीटरहून लांब, जमिनीला धरून दूरवर जाते. मात्र गाडीतली प्रत्येक विजेची खुडबुड तिच्यात आधी मिसळते, म्हणून तिथं अर्थिंग अधिकच चोख हवं.

आंब्याची गाडी रात्रीची निघते, आणि केबिनमध्ये पुष्कळदा चालक एकटाच असतो. त्याला सोबत त्या आवाजाची. म्हणून गाडीमालकांना कळकळीची विनंती आहे: पावसाळा सरला की सर्व्हिसिंगला ऑइल आणि ब्रेकबरोबर अँटेनाचं बूडही उघडून बघायला सांगा.